ज्याचं जळतं, त्यालाच कळतं?

१

नागपुरात कुणाचं डोकं फिरलंय असं म्हणायचं असेल तर रोगाचं नाव घ्यावं लागत नाही, पत्ता सांगितला की पुरतं. ‘याला पागलखाना चौकात सोडून या रे’ हे वाक्य मी शाळेत, कॉलेजात आणि लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकलं आहे. कोराडी रोडवरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयामुळे चौकाला हे नाव पडलं. रुग्णालय १८६४ सालचं, म्हणजे नागपुरात आगगाडी येण्याच्याही आधीचं. एवढ्या जुन्या शेजाराचा परिणाम असा, की मन दुखतंय एवढं जरी कुणी म्हणालं तरी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे थेट ते फाटक येतं. अलीकडचं काही येतच नाही.

अलीकडेही काही असतं हे मी पाहिलं ते जरीपटक्यात. जरीपटका हे मराठ्यांच्या निशाणाचं नाव, पण वस्ती मुख्यतः सिंधी. फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या कुटुंबांनी उभी केलेली. कापडाची दुकानं, मिठाईची दुकानं, ट्यूशन क्लासेस, आणि अशाच एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर समुपदेशक मॅडमची खोली. जिन्याखाली पाटी आहे, पण लहान. लोक खाली साड्यांचे भाव विचारतात आणि इकडेतिकडे बघून वर जातात.

आई गेल्यानंतर काही महिन्यांनी मी तिथे जाऊ लागलो. कारण फार मोठं नव्हतं. झोप येत नव्हती, कामावर एकच ओळ चार वेळा वाचावी लागत होती, आणि घरात बाबांशी बोलायला बसलं की दोघंही टीव्हीकडे बघायचो. पहिल्या भेटीत मॅडमनी आपलं शिक्षण न विचारता सांगितलं: नागपूर विद्यापीठातून मानसशास्त्रात एम. ए., मग समुपदेशनाचा पदविका अभ्यासक्रम, मग काही वर्षं शाळांमध्ये काम. औषधं त्या देऊ शकत नाहीत आणि गरज वाटली तर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतील, हेही सांगितलं. आपल्या कामाबद्दल त्या महिन्यातून दोनदा एका ज्येष्ठ व्यक्तीशी बोलतात, तेव्हा माझं नाव न घेता माझा विषय निघू शकतो, तर माझी हरकत आहे का, असंही विचारलं.

तिसऱ्या की चौथ्या भेटीत मी विचारलं, “मॅडम, तुमची आई आहे का?”

त्या म्हणाल्या, “उत्तर देईन मी. पण आधी तुम्ही सांगा, आहे म्हटलं तर तुम्हाला काय वाटेल? आणि नाही म्हटलं तर?”

मी जरा विचार केला. “आहे म्हणालात, तर वाटेल की यांना काय कळणार. आणि नाही म्हणालात, तर... मग मी तुमच्यासमोर जास्त रडणार नाही.”

“मग या उत्तराचं आपल्याला काम काय?” त्या म्हणाल्या, आणि पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

त्यांची आई आहे की नाही, मला आजही माहीत नाही. मात्र त्या प्रश्नानं माझा पिच्छा सोडला नाही, आणि हा लेख त्यावरच आहे. दुसऱ्याच्या दुःखासमोर बसण्याचा अधिकार माणसाला कशानं मिळतो? स्वतः भोगल्यानं, की शिकल्यानं? आपली म्हण म्हणते, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. म्हण खरी असेल तर पदवी हा निव्वळ कागद आहे. आणि म्हण खोटी असेल, तर भोगलेल्या माणसाजवळ आपल्याला एवढा आधार का वाटतो?

२

आधी म्हणीची बाजू तपासून बघू, कारण ती रोजच्या आयुष्यात आपण सगळेच वापरतो.

आमच्याकडे माणूस गेल्यावर तेरवीपर्यंत घरी लोक भेटायला येत राहतात. ही पद्धत मला मनापासून चांगली वाटते. घर रिकामं पडू देत नाही, चुलीकडे बघायला कुणीतरी असतं, आणि दुःख ही एका घराची खासगी बाब राहत नाही. पण त्या तेरा दिवसांत जवळपास प्रत्येक पाहुण्याचं दुसरं किंवा तिसरं वाक्य एकाच जातीचं होतं: “आमची आई गेली ना, तेव्हा...” पुढे त्यांच्या आईची गोष्ट. कुणाची आई आयसीयूत होती, कुणाची देवपूजा करताना गेली. सांगणाऱ्याचे डोळे भरून यायचे आणि मग मीच त्यांना पाणी आणून द्यायचो. त्यात त्यांचा दोष नव्हता. माझ्या घरातल्या मृत्यूनं त्यांच्या घरातला मृत्यू जागा केला होता. पण घरातल्या सतरंजीवर दिवसभर जी दुःखं मांडली गेली, त्यांत आमचं कमीत कमी होतं.

भोगलेल्या माणसाची ही पहिली अडचण. त्याला खरोखर कळतं, पण त्याला जे कळतं ते बऱ्याचदा त्याचं स्वतःचं असतं.

दुसरी अडचण जास्त कठीण आहे. माझा एक मित्र जरीपटक्यातच वाढला. त्याचे आजोबा सिंधमधून आले तेव्हा तरुण होते. सिंधी हिंदूंचं विस्थापन एका बाबतीत वेगळं होतं. पंजाब आणि बंगाल फाळणीत दुभंगले, तरी त्यांचा एक एक तुकडा भारतात राहिला. सिंध अख्खा पलीकडे गेला. आपल्या भाषेचा असा एकही प्रांत या बाजूला उरला नाही. कल्याणजवळच्या छावण्यांचं उल्हासनगर झालं, नागपुरात जरीपटका आणि खामला इथे वस्त्या झाल्या, आणि त्या पिढीनं दुकानं टाकली. त्यांना कुणी समुपदेशन दिलं नाही, त्यांनी मागितलंही नाही. ती माणसं कशी उभी राहिली हे बघितलं की मान लवते.

तर हा मित्र बारावीत असताना परीक्षेच्या भीतीनं जेवेनासा झाला. आजोबांनी त्याला जवळ बसवलं आणि सांगितलं, आम्ही दोन कपड्यांवर आलो, स्टेशनवर झोपलो, तुला तर पेपरच लिहायचा आहे. त्यांनी हे रागानं सांगितलं नव्हतं, धीर द्यायला सांगितलं होतं. मित्र म्हणतो की त्या दिवसापासून भीती तर राहिलीच, वर भीती वाटण्याची लाजही वाटू लागली.

मोठं दुःख पचवलेल्या माणसाच्या हातात नकळत एक मोजपट्टी येते. दुसऱ्याचं दुःख तो त्या पट्टीनं मोजतो आणि ते प्रत्येक वेळी लहान भरतं. सोसण्यानं माणूस मऊ होतो असं आपण धरून चालतो, पण सोसण्यानं माणसं निबरही होतात. दोन्ही होताना आपण पाहिलेलं असतं. म्हणजे नुसता अनुभव हा काही गुण नाही. त्याचं पुढे काय झालं, यावर सगळं अवलंबून आहे.

३

तरीही म्हण निकालात निघत नाही. कारण महाराष्ट्रातच एक जागा अशी आहे, जिथे भोगलेल्या माणसालाच समुपदेशकाच्या खुर्चीवर बसवलं गेलं आणि त्याचा उपयोग झाला. ती जागा म्हणजे पुण्याचं मुक्तांगण.

१९८०च्या दशकात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत पोहोचली होती. अनिल अवचटांनी त्या विळख्यात अडकलेल्या मुलांवर लिहिलं. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी व्यसनमुक्ती केंद्रासाठी देणगी देऊ केली. अनिल अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करत होत्या. त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झालं. डॉ. अनिता अवचट १९९७ साली कॅन्सरनं गेल्या. पुढे त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी काम हाती घेतलं. त्यांचं शिक्षण मानसशास्त्राचं.

या केंद्रातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की इथे उपचार घेऊन बरे झालेले अनेक जण पुढे इथेच कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. नव्यानं आलेल्या माणसाला भेटणारा समोरचा माणूस ‘मीही इथलाच पेशंट’ असं सांगू शकतो. माझ्या मॅडमनी जे उत्तर राखून ठेवलं, तेच उत्तर इथे सुरुवातीलाच समोर ठेवलं जातं.

हे विरोधी दिसतं. पण दोन्ही ठिकाणी बसलेल्या माणसाला काय हवं आहे ते पाहिलं की विरोध संपतो. व्यसनी माणसाला कुणी उपदेश केलेला नसतो असं नाही. आई, बायको, साहेब, डॉक्टर सगळ्यांनी केलेला असतो. त्याच्याकडे दोन पक्क्या समजुती असतात. एक, यातून कुणी सुटत नाही. दोन, माझ्यासारखं खोटं बोलणारा, घरातले दागिने विकणारा माणूस माणसात जमा नाही. या दोन्ही समजुतींना युक्तिवादानं उत्तर देता येत नाही. समोर जिवंत पुरावा बसलेला असला की उत्तर मिळतं. शिवाय हा पुरावा फसत नाही. व्यसनी माणूस जी कारणं सांगतो ती सगळी समोरच्यानं स्वतः कधीतरी सांगितलेली असतात. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरलं आणि त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभं राहिलं, त्याच्याही मुळाशी हेच होतं.

दुःखात बसलेल्या माणसाला मात्र पुरावा नको असतो. आई गेल्यानंतरही माणसं जगतात हे मला माहीत होतं, बाबा समोरच होते. मला हवी होती जागा. तिथे दुसऱ्या कुणाची आई आणून बसवली असती तर माझी जागा तेवढी कमी झाली असती.

म्हणजे स्वतःचा अनुभव ही औषधासारखी वस्तू आहे. एका दुखण्यावर ती लागू पडते, दुसऱ्यावर पडत नाही, आणि मात्रा चुकली की अपाय करते. व्यसनमुक्तीच्या कामातही हा धोका टळत नाही. ‘मी सोडली, मग तुला का जमत नाही?’ हे वाक्य बरा झालेला माणूस फार सहज बोलू शकतो. म्हणजे आजोबांची मोजपट्टी इथेही येऊ शकते.

अनुभवाला आणखी एक मर्यादा आहे. प्यायलेल्या माणसाला पिणाऱ्याचं कळतं. त्याच्या वाटेकडे डोळे लावून रात्री दोन वाजेपर्यंत जागणाऱ्या बायकोचं त्याला कसं कळणार? ते तर त्यानं आपल्या घरातही पाहिलेलं नसतं. मुक्तांगणनं रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा वेगळा गट केला, यात मला मोठं शहाणपण दिसतं. एकाच घराला आग लागली तरी प्रत्येकाचं वेगळं जळतं, आणि म्हण प्रामाणिकपणे शेवटपर्यंत ताणली तर प्रत्येक माणसाला फक्त स्वतःचंच कळतं, इथे येऊन ती थांबते. मग कुणीच कुणासमोर बसू नये.

४

आता शिक्षणाची बाजू.

१९२५-२६च्या सुमारास व्हिएन्नात थिओडोर राइक या मनोविश्लेषकावर भोंदू वैद्यकीच्या कायद्याखाली कारवाई सुरू झाली. राइक मानसशास्त्राचे डॉक्टरेट होते, पण वैद्यकीय डॉक्टर नव्हते. त्यांच्या बाजूनं फ्रॉइडनं १९२६ साली एक पुस्तकच लिहिलं. फ्रॉइड स्वतः डॉक्टर, पण त्याचं म्हणणं असं, की वैद्यकीय महाविद्यालयात मिळणारं शिक्षण या कामाला जवळजवळ निरुपयोगी आहे. मात्र म्हणून कुणीही उठून हे काम करावं, असं तो म्हणाला नाही. त्याची अट वेगळी होती: विश्लेषण करणाऱ्यानं आधी स्वतःचं विश्लेषण करून घ्यावं. आधी रुग्णाच्या जागी बसावं, मग डॉक्टरच्या.

ही अट मला महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात शिक्षण आणि अनुभव हे दोन वेगळे डबे राहत नाहीत. अनुभव तर प्रत्येकाकडे असतोच. तो उघडून बघायला शिकणं, कुठल्या शब्दानं आपण चिडतो, कुठल्या गोष्टीला घाईनं ‘जाऊ द्या’ म्हणतो, कुठे आपल्याला समोरच्यापेक्षा स्वतःचंच जास्त बोलावंसं वाटतं, हे ओळखणं म्हणजे या विषयातलं शिक्षण. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत मला असं काही शिकवलं गेलं नाही, शिकवायची गरजही नव्हती. पुलाचं गणित करताना पूल बांधणाऱ्याच्या आईचा प्रश्न येत नाही. इथे येतो.

आपल्याकडेही त्याच काळात पदवीविना सल्ला देणारा एक माणूस होता. र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२५ साली त्या पायी नोकरी गेली, आणि १९२७पासून १९५३पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. त्यात वाचक आपल्या लैंगिक अडचणी पत्रानं विचारत आणि कर्वे उत्तरं छापत. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तो या प्रश्नोत्तरांवरूनच. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरला गेला. त्या वाचकांना आपली शंका विचारायला दुसरी जागाच नव्हती. कर्व्यांकडे वैद्यकाची पदवी नव्हती. त्यांच्याकडे वाचन होतं, आणि समोरच्याला पापी न ठरवता त्याचा प्रश्न प्रश्न म्हणून घेण्याची तयारी होती.

यातला दुसरा भाग जास्त दुर्मीळ आहे. आपल्या ‘समुपदेशन’ या शब्दातच गंमत बघा. त्याच्या पोटात ‘उपदेश’ बसला आहे, आणि या कामात पहिली गोष्ट टाळायची ती तीच. जरीपटक्याच्या त्या खोलीत मला एकदाही ‘स्वतःला कामात गुंतवून घ्या’ असं सांगितलं गेलं नाही. ते सांगायला तेरवीला पुष्कळ लोक आले होते.

मग काय करायचं असतं? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली एका प्रसिद्ध लेखात याचं उत्तर मांडलं. समोरच्याचं आतलं जग जणू आपलंच आहे अशा रीतीनं अनुभवायचं, पण त्यातलं ‘जणू’ कधीही सुटू द्यायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं, या सगळ्या शिक्षणाचं सार या एका ‘जणू’मध्ये आहे. ‘जणू’ नसेल तर समोरचा माणूस कोरडा राहतो, फॉर्म भरून घेणाऱ्या कारकुनासारखा. आणि ‘जणू’ विसरला तर तो तेरवीचा पाहुणा होतो. दोन्हींच्या मधल्या अरुंद जागेत तासभर बसून राहणं हे कौशल्य आहे, ते स्वभावानं थोडं मिळतं आणि बाकीचं सरावानं कमवावं लागतं.

मग भोगलेल्या माणसाला शिक्षणाची गरज कमी असते की जास्त? माझ्या मते जास्त. ज्यानं भोगलं नाही, त्याला ‘जणू’ आठवण करून द्यावा लागत नाही. ज्यानं भोगलं आहे, त्याच्या हातून तो निसटण्याची भीती क्षणोक्षणी असते.

५

इथे एक व्यावहारिक शंका येते. हे सगळं शिकायला वर्षानुवर्षं लागत असतील, तर विदर्भातल्या खेड्यात कोण जाणार? भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी हवी तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता लागते, आणि अशी नोंदणी असलेली माणसं मुख्यतः शहरांत आहेत. उलट नुसतं ‘समुपदेशक’ लिहून पाटी लावायला जिन्याखाली कुणी अडवत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं उपचार मिळण्याचा हक्क मान्य केला, २०२१च्या सहयोगी आरोग्य व्यवसायांच्या कायद्यानं या क्षेत्रातल्या आणखी काही व्यवसायांना चौकट दिली. पण गल्लीतल्या पाटीवरचा शब्द तपासायला लोक अजून तरी शेजाऱ्यालाच विचारतात.

या शंकेचं एक उत्तर गोव्यात शोधलं गेलं. १९९६ साली तिथे ‘संगत’ ही संस्था सुरू झाली. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यावर बोलण्याचे उपचार द्यायला मानसशास्त्राचं आधी काहीही शिक्षण नसलेली स्थानिक माणसं निवडली आणि त्यांना या एका कामासाठी शिकवलं. सहा ते आठ भेटींचा कार्यक्रम. त्याची चाचणी २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. ४९५ रुग्णांच्या या चाचणीत तीन महिन्यांनंतर या समुपदेशकांकडे गेलेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं होतं. फक्त नेहमीचे, थोडे सुधारलेले उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं.

आमच्या विदर्भातही अशाच वाटेचा प्रयोग झाला. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांकरवी चालला. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांमुळे ज्या भागाचं नाव देशाला माहीत झालं, तो हा भाग. नैराश्य असलेल्यांपैकी कुठेतरी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण सुरुवातीला ४.३ टक्के होतं, शेवटी २७.२ टक्के झालं. यात मदत देणाऱ्या माणसाची पदवी लहान होती, पण तो गावचा होता. कापसाचा भाव पडला म्हणजे काय होतं हे त्याला समजावून सांगावं लागत नव्हतं. म्हणजे अनुभवाचा उपयोग झालाच, फक्त तो ‘माझ्यावरही असंच ओढवलं’ अशा रूपात नाही. भाषा, शेत, कर्ज, नातीगोती ओळखीची असण्याच्या रूपात.

पण गोव्याच्या प्रयोगातला मला सर्वांत आवडलेला भाग आकडेवारीचा नाही. हे समुपदेशक आपल्या भेटी, अर्थात परवानगीनं, रेकॉर्ड करायचे आणि गटात बसून एकमेकांच्या भेटी ऐकून त्यांचं मूल्यमापन करायचे. कुठे घाई झाली, कुठे समोरच्याचं बोलणं तोडलं, कुठे स्वतःचंच घोडं पुढे दामटलं. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात माणूस कितीही सीनियर असो, त्याचा कोड दुसऱ्यानं वाचल्याशिवाय पुढे जात नाही. हा नियम लिहिणाऱ्यावर अविश्वास म्हणून नसतो. स्वतःच्या डोळ्यांना स्वतःची चूक दिसत नाही, एवढं साधं त्यामागचं कारण आहे. मन तर कोडपेक्षा कितीतरी जास्त लपवाछपवी करतं.

६

अधिकार कशानं मिळतो, या प्रश्नाकडे आता परत येता येईल. अनुभवामुळे दार उघडतं. विशेषतः जिथे लाज आहे, एकटेपण आहे, तिथे ‘मीही यातून गेलो’ याच्याइतकी दुसरी किल्ली नाही. शिक्षणामुळे, आत गेल्यावर घर आपलं नाही याचं भान राहतं. पण या दोन्ही गोष्टी माणसाच्या खिशात कायम राहत नाहीत. पदवी जुनी होते, अनुभवाची गोष्ट सांगून सांगून गुळगुळीत होते. अधिकार टिकतो तो तिसऱ्या गोष्टीवर: आपण जे केलं ते कुणाला तरी दाखवण्याची आणि त्याचं उत्तर देण्याची तयारी. ती आहे तिथे कमी शिकलेला गावचा कार्यकर्ताही विश्वासाचा ठरतो. ती नसेल तर भिंतीवर चार प्रमाणपत्रं लावलेला माणूसही धोक्याचा, आणि मोठ्या संकटातून वर आलेला बाबाही.

यावर एक आक्षेप मी माझ्याच क्षेत्रातल्या मित्रांकडून ऐकतो. रात्री दोन वाजता फोनमधल्या यंत्राशी बोललं तर तेही ऐकून घेतं, उपदेश करत नाही, थकत नाही, आणि स्वतःच्या आईची गोष्ट तर मुळीच सांगत नाही. मग ‘जणू’ सांभाळायला त्याच्याहून चांगलं कोण? हा प्रश्न नवा नाही. १९६६ साली एमआयटीत जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा नावाचा प्रोग्राम लिहिला. रॉजर्स यांच्या पद्धतीची नक्कल करून तो समोरच्याचंच वाक्य प्रश्न बनवून परत करायचा. वायझेनबाउम यांची सेक्रेटरी, जिनं त्यांना तो लिहिताना पाहिलं होतं, तीसुद्धा त्याच्याशी थोडं बोलल्यावर त्यांना म्हणाली, तुम्ही जरा बाहेर जाता का? वायझेनबाउम यांना या प्रसंगानं धक्का बसला आणि पुढे ते यंत्रांवर असा भरवसा टाकण्याच्या विरोधात लिहीत राहिले.

रात्री दोनला कुणीच नसेल तर यंत्राशी बोलणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. अशा वेळेसाठी सरकारचा टेलिमानस हा १४४१६ क्रमांकही आहे, आणि तिथे माणूस बोलतो. पण यंत्र स्वतःची गोष्ट सांगत नाही याचं श्रेय त्याला देता येत नाही, कारण त्याच्याजवळ गोष्टच नाही. उपास त्यानंच करावा ज्याला भूक लागते. जरीपटक्यात माझ्यासमोर बसलेल्या बाईंना आई असेल किंवा नसेल. पण त्यांच्याकडे राखून ठेवण्यासारखं काहीतरी होतं, आणि तो तासभर ते त्यांनी माझ्यासाठी बाजूला ठेवलं होतं. ते मला जाणवत होतं. त्या ठेवण्याचीच मला मदत झाली असं मी मानतो.

आपल्याकडे समुपदेशक शोधणाऱ्याला लोक दोनच प्रश्न सुचवतात: डिग्री काय आहे, आणि अनुभव किती. दोन्ही विचारावेतच. त्यांच्या जोडीला आणखी दोन प्रश्न घरातल्या कुणासाठी अशी जागा शोधताना विचारावेत असं मला वाटतं. तुमच्या आवाक्याबाहेरचं काही निघालं तर तुम्ही मला कुठे पाठवाल? आणि तुम्ही तुमचं काम कुणाला दाखवता? या प्रश्नांचा राग येणारा माणूस लगेच ओळखता येतो. आणि राग न येता जो उत्तर देतो, त्याच्यासमोर बसायला हरकत नाही. त्याचं काय जळलं आहे, हे त्याला विचारायची मग गरज राहत नाही.